डीपी का जळते, इथून सुरू झालेलं शिक्षण

दरवर्षी इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचे ऑप्शन भरायचे दिवस आले की चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावाकडून फोन सुरू होतात. "ताई, कॉम्प्युटर नाही मिळत, इलेक्ट्रिकल मिळतंय. घेऊ का?" विचारणाऱ्याचा सूर बहुतेक वेळा पडलेला असतो. मी इलेक्ट्रिकल पहिल्या पसंतीने घेतलं होतं आणि आज त्याच कामात आहे. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पहिली पसंती का दिली, त्याचं कारण शेतात होतं. आमच्याकडे केळी आणि कापूस. उन्हाळ्यात केळीचं पाणी चुकलं की घड भरत नाही, आणि पाणी पूर्णपणे विजेवर. मोटरीला लागणारी थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. "रातना दोन वाजता मळामा कोण जाई, पोरी?" असं आबा म्हणायचे आणि तरी बॅटरी घेऊन जायचे. साप, अधूनमधून बिबट्याची बातमी, ओल्या जमिनीत उघडा स्टार्टर. त्यात मे महिन्यात डीपी, म्हणजे शेतांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली की ती बदलून येईपर्यंत बाग सुकताना बघायची. कारणं सांगणारे गावात भरपूर होते. कुणी म्हणायचं ऑइल कमी होतं, कुणी म्हणायचं आकडे टाकले, बहुतेकांचं मत "लोड जास्त झाला". पण लोड जास्त झाला म्हणजे त्या टाकीच्या आत नेमकं काय घडलं, हे मला कुणी सांगू शकत नव्हतं. शाळेतल्या सरांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, हे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळेल. मग गेले.

पहिल्या वर्षाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, ते सगळ्या शाखांचं जवळपास सारखंच असतं. एवढंच सांगते, की गणिताकडे दुर्लक्ष करू नका. बारावीला कॉम्प्लेक्स नंबर हा थोड्या मार्कांचा धडा वाटतो. इथे एसी सर्किटचं प्रत्येक गणित त्यातच मांडतात. डिफरन्शियल इक्वेशन, लाप्लास, मॅट्रिक्स यांचंही तेच. दुसऱ्या वर्षी नेटवर्क अ‍ॅनालिसिसमध्ये वर्गातली जी मुलं अडकली, ती खरं तर गणितातच अडकली होती. पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचं उलटं. त्यांचा हात मीटर-स्टार्टरवर बसलेला होता, पॅनल उघडला की चटकन सांगायचे कुठली वायर कुठे जाते, आणि गणिताच्या पेपरला मात्र त्यांची झोप उडायची. आम्ही त्यांना लाप्लास शिकवला, त्यांनी आम्हाला कंट्रोल वायरिंग. हा व्यवहार दोन्ही बाजूंना फार उपयोगाचा ठरला.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मशीन्सच्या लॅबमध्ये मिळालं. थ्री फेज इंडक्शन मोटर थेट सप्लायवर चालू केली तेव्हा अँमीटरचा काटा टोकाला गेला आणि मग सावकाश खाली आला. सरांनी फळ्यावर कारण मांडलं. चालू करण्याच्या क्षणी रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, थांबलेला असतो. स्टेटरचं, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागाचं, फिरतं चुंबकीय क्षेत्र त्याला पूर्ण वेगाने कापत जातं, म्हणून रोटरमध्ये सर्वांत जास्त व्होल्टेज तयार होतं आणि मोटर नेहमीच्या पाच ते सातपट करंट ओढते. रोटर वेग घेत जातो तसा हा करंट उतरतो.

मी होस्टेलवर आल्या आल्या आमच्या डीपीचं गणित मांडलं. १०० केव्हीए क्षमतेची डीपी, बाहेर ४३३ व्होल्ट, म्हणजे पूर्ण लोडला साधारण १३३ अँपिअर. तिच्यावर पाच एचपीच्या बारा मोटरी, प्रत्येकी साडेआठ अँपिअर धरले तर होतात १०२. म्हणजे चालू मोटरी डीपीला आरामात झेपतात. पण आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक स्टार्टरला ऑटोस्विच असतो, कारण रात्री कुणालाच उठून मळ्यात जायचं नसतं. लाईट येते त्या क्षणी बाराही मोटरी एकदम उठतात. सहापट धरा, ६०० अँपिअरच्या वर जातं. व्होल्टेज कोसळतं. मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे व्होल्टेज ७० टक्क्यांवर आलं की टॉर्क निम्म्यावर येतो. मोटरींना वेग घेता येत नाही, आणि वेग येत नाही तोवर करंट उतरत नाही. दोन-चार सेकंदांत संपायचा भार लांबत जातो. इथे फ्यूजने तुटायला हवं. पण तो सारखा जातो म्हणून त्याच्या जागी जाड तार बांधलेली असते. मग डीपीच्या आतल्या तारांची गुंडाळी (वायंडिंग) तापते, तिच्याभोवतीचा इन्सुलेशनचा कागद करपतो, आणि असं वारंवार झालं की एक दिवस डीपी जाते.

ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण सतत करत असतं. कॅपॅसिटरचं कारणही त्याच वर्षी कळलं. मोटरला चुंबकीय क्षेत्र उभं करायला जो रिअ‍ॅक्टिव्ह करंट लागतो तो दूर सबस्टेशनवरून आणण्याऐवजी मोटरपाशीच कॅपॅसिटरमधून मिळतो. पॉवर फॅक्टर, म्हणजे करंटपैकी खऱ्या कामाला लागणारा वाटा, ०.७५ वरून ०.९ वर गेला तर तेवढ्याच कामासाठी तारेतला करंट एक षष्ठांश कमी होतो. पाच एचपीला साधारण दोन केव्हीएआरचा कॅपॅसिटर पुरतो, आणि तो जेवणाच्या डब्यापेक्षा मोठा नसतो. मी हे आबांना समजावून सांगितलं. कॅपॅसिटर त्यांना लगेच पटला. ऑटोस्विचचं नाव काढल्यावर म्हणाले, "मंग रातले मी उठू का?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. जे उत्तर माणसाला रात्री दोन वाजता विहिरीवर पाठवतं ते अपुरंच. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आम्ही यावरच घेतला: ऑटोस्विच राहू द्यायचा, पण प्रत्येक स्टार्टरला वेगवेगळ्या सेकंदांचा टायमर द्यायचा, म्हणजे लाईट आल्यावर मोटरी एकामागून एक उठतील. वर सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, कारण एक फेज गेल्यावर उरलेल्या दोन फेजवर गुरगुरत राहिलेली मोटर जळतेच. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांना तयार करणं हेच यातलं सर्वांत अवघड काम होतं. टायमर स्वस्त आहे, पण आपली मोटर शेजाऱ्याच्या नंतर सुरू होणार, हे कुणाला पटकन मान्य होत नाही. पाणी दोघांच्याही विहिरीला असतं, तरी होत नाही. शेवटी क्रम दर आठवड्याला बदलायचा असं ठरलं तेव्हा बसवू दिले. आधीचे आणि नंतरचे करंट क्लॅम्प मीटरने मोजून, ग्राफ काढून आम्ही अहवालात लावले. नोकरीच्या मुलाखतींमध्ये मला मार्कांपेक्षा जास्त प्रश्न याच ग्राफवर विचारले गेले.

आता ट्रेनिंगबद्दल, कारण इथे खान्देशातल्या मुलांचं नशीब चांगलं आहे आणि बऱ्याच जणांना ते कळत नाही. सुट्टीतलं प्रशिक्षण म्हणजे कुठून तरी सर्टिफिकेट आणायचं, अशी पद्धत पडली आहे. मला ती मनापासून चुकीची वाटते. कॉलेजचं पत्र घेऊन आम्ही भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात गेलो. तिथे ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. हतनूर धरणाचं पाणी, मालगाडीने आलेला कोळसा, बॉयलरमधून ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास निघणारी वाफ, आणि मिनिटाला बरोबर ३००० फेरे घेणारा जनरेटर. का ३००० च? दोन पोल आणि ५० हर्ट्झ. वर्गात तोंडपाठ केलेलं सूत्र समोर घरघरत असतं तेव्हा पायाखालची फरशीसुद्धा थरथरते.

तिथल्या अभियंत्यांनी आम्हाला एक गणित करायला लावलं ते मी नवीन मुलांना नेहमी सांगते. अशा संचाचा जनरेटर २१ केव्हीला, म्हणजे २१ हजार व्होल्टला, वीज तयार करतो. पूर्ण भाराला करंट येतो सोळा हजार अँपिअरच्या आसपास. एवढा करंट साध्या तारेतून नेता येत नाही, म्हणून जनरेटरपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत माणूस मावेल अशा जाड नळ्यांमधून बसबार गेलेले असतात. ट्रान्सफॉर्मरने ४०० केव्ही केलं की तीच वीज साडेआठशे अँपिअरच्या आत येते. करंट एकोणीसपट कमी, म्हणजे त्याच तारेतला तोटा साडेतीनशेपटीहूनही जास्त घटतो. ट्रान्समिशन लाईन इतक्या उंच व्होल्टेजच्या का असतात, यावर मी दहा मार्कांचं उत्तर आधी लिहिलं होतं. समजलं ते तिथे.

दीपनगरपासून शेतापर्यंतचे टप्पे डोळ्यांनी बघता येतात. ४०० केव्ही, २२०, १३२, मग ३३, मग गावाजवळच्या सबस्टेशनला ११ केव्ही, आणि शेवटी डीपीवर ४३३ व्होल्ट. धुळ्याजवळ ७६५ केव्हीचं सबस्टेशन आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. भुसावळला इलेक्ट्रिक लोको शेड, म्हणजे रेल्वेच्या विजेच्या इंजिनांच्या देखभालीची जागा, आहे. वरच्या तारेतली २५ केव्ही सिंगल फेज वीज इंजिनात घेऊन, आधी डीसी करून, पुन्हा हव्या त्या फ्रीक्वेन्सीची थ्री फेज बनवून मोटरींना देतात. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा अर्धा अभ्यासक्रम त्या एका इंजिनात बसवलेला आहे. जळगाव एमआयडीसीत डाळ मिल, चटई आणि पाइपचे कारखाने आहेत, तिथे मोटरींचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह आणि यंत्रांचा क्रम सांभाळणारे पीएलसी बघायला मिळतात. जळगावचं शासकीय महाविद्यालय असो, बांभोरी असो की शिरपूर, कुठूनही यातलं बरंच काही एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर आहे. ही शाखा शिकायला इतकी सोयीची जागा महाराष्ट्रात फार नाही, असं मी अनुभवाने म्हणते.

पुढे काय, हा घरच्यांचा प्रश्न. आमच्याकडे इलेक्ट्रिकल म्हणजे "एमएसईबी" एवढंच डोक्यात असतं. त्या वीज मंडळाच्या २००५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तरी नाव तेच चालू आहे. महानिर्मिती वीज तयार करते, महापारेषण ती वाहून नेते, महावितरण घरापर्यंत पोचवते, आणि तिन्हीकडचं अभियंत्याचं काम अगदी निराळं आहे. महावितरणच्या शाखा कार्यालयातला अभियंता माणसांमध्ये असतो: वसुली, तक्रारी, वादळानंतर पडलेले खांब, संतापलेले शेतकरी. ज्याला यंत्रात रस आहे पण माणसांशी बोलायचा कंटाळा आहे, त्याने तिकडे जाऊ नये. महापारेषणचं काम शांत, पण शिस्त कडक. या भरत्यांच्या जाहिराती सलग निघत नाहीत, मध्ये बराच काळ जातो, म्हणून त्या एकाच भरतीवर सगळं टाकून घरी बसून राहणं मला धोक्याचं वाटतं.

गेट ही एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा द्यावीच. ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास, आणि निकाल तीन वर्षं चालतो. एम.टेक. तर आहेच, शिवाय एनटीपीसी, पॉवरग्रिडसारख्या सार्वजनिक कंपन्यांनी त्यावरून अभियंते घेतले आहेत. नोकरी नाही लागली तरी त्या अभ्यासाने विषय पक्का होतो. रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअर, यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा, सार्वजनिक बांधकाम खात्याची विद्युत शाखा, विद्युत निरीक्षकांचं कार्यालय, हे रस्ते माझ्या वर्गातल्या कुणी ना कुणी धरले. एकाने ठेकेदारीचा परवाना काढला आणि आज तो शिरपूर भागात कारखान्यांचे पॅनल बसवतो. त्याचं उत्तम चाललंय. बरीच मुलं कॅम्पसमधून आयटीत गेली. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, घरच्या गरजा ज्याच्या त्याला माहीत. पण चार वर्षं मशीन आणि पॉवर सिस्टीम मनापासून आवडलेल्या मुलांनीही केवळ ऑफर आधी आली म्हणून ते सोडलं, याची हळहळ वाटते.

मी गेले टेस्टिंग-कमिशनिंगला. हे क्षेत्र कॉलेजात फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून लिहिते. नवीन सबस्टेशन उभं राहिलं की ते चार्ज करण्याआधी, म्हणजे त्यात वीज सोडण्याआधी, प्रत्येक यंत्र, प्रत्येक वायर आणि बिघाड ओळखणारा प्रत्येक रिले तपासावा लागतो. ट्रान्सफॉर्मरचा इन्सुलेशन रेझिस्टन्स मेगरने, ऑइल किती व्होल्टेज सोसतं ते बीडीव्ही किटवर, वायंडिंगचा रेशो आणि त्यांची जोडणी (व्हेक्टर ग्रुप), ब्रेकर उघडायला किती मिलिसेकंद घेतो ते, अर्थिंग, आणि मग प्रोटेक्शन. रिलेला टेस्ट किटमधून खोटा फॉल्ट (बिघाड) दाखवायचा आणि तो योग्य वेळात ट्रिप, म्हणजे वीज तोडण्याचा हुकूम, देतो का ते बघायचं. लाईनवर झाड पडलं, इन्सुलेटर फुटला, तर सेकंदाच्या अगदी छोट्या भागात फक्त तेवढाच भाग तुटला पाहिजे आणि बाकी सगळं चालू राहिलं पाहिजे. प्रोटेक्शन एवढ्यासाठीच असतं.

सुरुवातीच्या काळातली एक साइट कायम लक्षात आहे. १३२/३३ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर, चार्जिंगची तारीख जाहीर झालेली, आणि ठेकेदाराची घाई. आमच्या वरिष्ठांनी स्टेबिलिटी टेस्टशिवाय सही करायला नकार दिला. या टेस्टमध्ये ३३ केव्हीची बाजू शॉर्ट करतात आणि १३२ च्या बाजूला साधी ४१५ व्होल्टची थ्री फेज देतात. थोडासाच करंट वाहतो, दोन्ही बाजूंच्या सीटीमधून, म्हणजे करंट मोजणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून, तो रिलेपर्यंत येतो मिलिअँपिअरमध्ये. आत जाणारा आणि बाहेर येणारा जुळला तर फरक शून्याजवळ दिसतो. आर आणि वाय फेजचा जुळला. बी फेजचा फरक शून्याऐवजी दुप्पट येत होता. आम्ही सगळ्या वायरी एकत्र येतात तो मार्शलिंग बॉक्स उघडून एकेक वायर मागे शोधत गेलो, तर बी फेजच्या सीटीची दोन टोकं उलटी जोडलेली होती. तसंच चार्ज केलं असतं तर लोड वाढताच निर्दोष ट्रान्सफॉर्मर ट्रिप झाला असता आणि त्याच्यावरची सगळी गावं अंधारात गेली असती. टोकं बदलली, टेस्ट परत घेतली, फरक शून्याजवळ आला, मग सही झाली. कागदावरच्या डॉट कन्व्हेन्शनला, म्हणजे कुठलं टोक कुठलं ते दाखवणाऱ्या ठिपक्याला, केवढं वजन आहे, ते तिथे माझ्या अंगात मुरलं.

या कामात भटकंती फार. शटडाऊन, म्हणजे कामासाठी लाईन बंद, बहुतेक रात्री किंवा पहाटे मिळतं. परमिट हातात आल्याशिवाय आणि लाईन डिस्चार्ज करून अर्थ केल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हा नियम कुणाच्याही घाईसाठी मोडायचा नाही. मुलींसाठी आणखी एक गोष्ट सांगते. साइटवर स्वच्छतागृह आहे का, राहायची सोय काय, रात्री परतायला गाडी आहे का, हे ऑफर स्वीकारण्याआधी स्पष्ट विचारा. मी एक नोकरी याच कारणाने सोडली आणि दुसऱ्या ठिकाणी हे सगळं लेखी मागून घेतलं. काम करताना मात्र मुलगी म्हणून मला कुठे कमी पडल्यासारखं वाटलं नाही. रिलेची सेटिंग ज्याला कळतात त्याच्याभोवती साइटवरची माणसं आपोआप जमतात.

सध्या माझं बरंचसं काम शेतीसाठीच्या सौर वाहिन्यांवर आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून कृषी फीडरला दिवसा वीज द्यायची आहे. अभियंत्यांसाठी यात नवा प्रश्न आहे. पूर्वी वीज एकाच दिशेने यायची, वरून खाली, आणि जुन्या ओव्हरकरंट रिलेची सेटिंग त्याच हिशेबाने केलेली असतात. आता दुपारी फीडरवर लोड कमी असेल तर वीज उलटी सबस्टेशनकडे जाते. त्यामुळे दिशा ओळखणारे रिले लागतात, आणि लाईन बंद झाली की इन्व्हर्टर ताबडतोब थांबतो की नाही, ते तपासावं लागतं, नाहीतर बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. इन्व्हर्टर फॉल्टला जनरेटरइतका करंट देत नाही, म्हणून फॉल्ट ओळखण्याची जुनी पद्धतही पुरत नाही. दुरून देखरेख करणारी स्काडा यंत्रणा आणि सबस्टेशनमधल्या उपकरणांनी एकमेकांशी बोलायचं आयईसी ६१८५० हे मानक, दोन्हीची माहिती अभियंत्याला असायला हवी. आमच्या अभ्यासक्रमात याला मोजून एखादं प्रकरण होतं. उरलेलं मी साइटवर आणि रिलेची मॅन्युअल वाचून शिकते आहे. अशा प्रकल्पांवर टेस्टिंगला येणारी मुलं बहुतेक पुण्या-नाशिकची असतात. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांमधून कुणाला यात यायचं असेल, तर तिसऱ्या वर्षीच जवळच्या ३३/११ केव्ही सबस्टेशनला परवानगी काढून जा आणि तिथला सिंगल लाईन डायग्राम, म्हणजे सगळी जोडणी एकेरी रेषेत दाखवणारा नकाशा, स्वतःच्या हाताने काढा. मुलाखतीत पहिला कागद तोच पुढे करतात.